‘औष्णिक विद्युत’ की ‘तापविद्युत’?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे : एका मराठी टिपणाचे ‘उच्च तापमान अतिवाहकांचे औष्णिक विद्युत वर्तन’ हे शीर्षक त्यांनी वर्गात वाचून दाखवताच एका मुलाने ‘हे चंद्रपूरच्या केंद्रात वापरतात का?’ असे विचारले, तर दुसऱ्याने ‘उच्च म्हणजे आपल्या मे महिन्याहून किती जास्त?’ अशी शंका काढली. चूक शब्दांची की मुलांची?

मॅडम, मुलांची तर नाहीच. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या वीजकेंद्रांची नावे ऐकत वाढलेल्या मुलाला ‘औष्णिक विद्युत’ म्हणजे कोळसा, वाफ आणि उंच धुराडे असेच वाटणार, आणि त्या अर्थाने हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो दुसऱ्या कामाला लावणे योग्य नाही. टिपणातली गोष्ट मात्र वेगळी आहे. झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दोन भिन्न धातूंच्या तारा टोकांशी जोडून एक सांधा तापवला, तेव्हा जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. तारेचे एक टोक गरम व दुसरे थंड असले की गरम टोकाकडील प्रभारवाहक, म्हणजे विद्युत प्रभार वाहून नेणारे इलेक्ट्रॉनसारखे कण, थंड टोकाकडे सरकू लागतात आणि दोन टोकांमध्ये अल्पसे विभवांतर (व्होल्टेज) उत्पन्न होते. येथे वाफही नाही आणि टर्बाइनही नाही. विभवांतर किती, हे टोकांच्या तापमानांतील फरकावर ठरते, तारेला एकूण किती उष्णता दिली यावर नाही. म्हणून ‘तापमान’ आणि ‘तापमापी’ यांच्या गोतातला ‘तापविद्युत’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. ‘ताप’ म्हटले की मुलांना दवाखाना आठवेल, हे खरे; पण ‘तापमापी’ म्हणताना ती हसत नाहीत.

‘उच्च तापमान’ हा शब्दप्रयोग तुलनेने समजावा लागतो. ऑन्स या शास्त्रज्ञाला १९११ मध्ये पाऱ्याचा विद्युत रोध ४.२ केल्व्हिनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसजवळ, एकाएकी नाहीसा झालेला आढळला. रोध असा शून्य होणे म्हणजे अतिवाहकता, आणि ज्या तापमानाला तो शून्य होतो ते त्या पदार्थाचे संक्रमण-तापमान. पुढे पाऊण शतकात हे तापमान जेमतेम २३ केल्व्हिनपर्यंत चढले. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या एका ऑक्साइडात ३० केल्व्हिनच्या वर अतिवाहकता दाखवली आणि पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांच्या संयुगाने ९३ केल्व्हिन गाठले. नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो. द्रव हेलियमऐवजी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त द्रव नायट्रोजनात काम भागू लागले, ही त्या ‘उच्च’ची खरी किंमत. उणे १८० अंशाला उच्च म्हणणे ब्रह्मपुरीच्या उन्हात विनोदी वाटेल, म्हणून मी ‘उच्च संक्रमण-तापमानाचे अतिवाहक’ असे लिहीन. शब्द लांबतो, पण उच्च काय आहे ते कळते.

‘अतिवाहक’मधील ‘अति’ही फसवा आहे. अतिवृष्टी म्हणजे जास्त पाऊस, तसा अतिवाहक म्हणजे जास्त चांगला सुवाहक नव्हे. वरील संयुग खोलीच्या तापमानाला तांब्यापेक्षा शंभराहून अधिक पट रोध दाखवते. थंड करत जावे तसा तो बराचसा सरळ रेषेत उतरतो आणि ९३ केल्व्हिनजवळ कोसळून शून्य होतो. तरीही शब्द बदलू नये, कारण तो रूढ आहे.

‘तापविद्युत’ आणि ‘अतिवाहक’ हे दोन्ही शब्द एकत्र येतात ते असे. अतिवाहक अवस्थेत पदार्थाची दोन टोके वेगवेगळ्या तापमानांना ठेवली, तरी रोधाविना वाहणारा प्रवाह उलट दिशेने वाहून विभवांतर उभेच राहू देत नाही, म्हणून रोधाबरोबर तापविद्युत परिणामही शून्य होतो. संक्रमण-तापमानाच्या वर तांब्याच्या या ऑक्साइडांतील तापविद्युत विभवांतराचे चिन्ह आणि मान प्रभारवाहकांच्या प्रमाणानुसार बदलते : वाहक कमी असतील तर ते मोठे व धन असते, संक्रमण-तापमान सर्वाधिक असते त्या प्रमाणाजवळ शून्याच्या आसपास येते आणि वाहक आणखी वाढले की ऋण होते. त्यामुळे केवळ खोलीच्या तापमानाला हे विभवांतर मोजूनही नमुन्यातील वाहकांचे प्रमाण बरेचसे ओळखता येते.

‘वर्तन’ऐवजी ‘गुणधर्म’ बरा. आणि फळ्यावर लिहिताना ‘९३ अंश केल्व्हिन’ असे लिहू नये. १९६७ पासून या एककाच्या नावातून ‘अंश’ वगळला आहे.