डोंगरातली ओझी आणि अंग बाहेर येणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चारा आणि जळणाचे २५-३० किलोचे भारे मी पाठीवरून आणते. तिसऱ्या बाळंतपणानंतर ओटीपोट जड वाटते, संध्याकाळी अंग बाहेर येते, आडवे झाले की आत जाते. सगळे म्हणतात, पिशवी काढून टाक. काम तर सुटणारे नाही.

उत्तर : पिशवी काढायची घाई नको. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात आणि ओझ्याचा दाब त्यांच्यावरच येतो. पिशवी गेली तरी स्नायू सैलच राहतात, मग मूत्राशय किंवा योनीचा वरचा भाग खाली येऊ शकतो.

जास्त घात होतो तो भारा घेऊन श्वास रोखून उठताना. म्हणून दोघींनी मिळून भारा कमरेएवढ्या दगडावर किंवा बांधावर चढवावा आणि तिथून पाठीवर घ्यावा. वाटेतला विसावाही तेवढ्याच उंचीवर. उठताना तळ आवळून श्वास सोडा. ३० किलोच्या एका खेपेऐवजी १५ च्या दोन करा. त्यातली एक घरातल्या दुसऱ्या कुणी करावी, असे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या. तोंडी सांगितलेले घरात टिकत नाही.

व्यायाम असा : लघवी आणि वारा एकदमच रोखतोय असे समजून तळ वर ओढा, ८-१० सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असे १० वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सुरुवातीला तीन-चार सेकंदच जमले तरी चालेल. पुष्कळजणी उलट खाली जोर देतात, त्याने त्रास वाढतो. लघवी करताना हा व्यायाम करू नका.

तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर मापाची सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, बसवतात. लहान झाली तर गळून पडते, मोठी झाली तर दुखते, लघवी अडते. पहिले माप चुकणे नेहमीचे, पुन्हा जाऊन बदलून घ्या. वर्षानुवर्षे तशीच ठेवली तर आत जखम होते. बद्धकोष्ठ आणि धुराचा खोकलाही आवरा. रोजचे कुंथणे-खोकणे भाऱ्याइतकेच नडते. लघवी अडली, रक्त गेले किंवा अंग आत जाईनासे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : आमचे गाव २,२०० मीटरवर आहे. हिमोग्लोबिन १२.५ आले, तरी चढावर धाप लागते. असे का?

उत्तर : उंचीवर हवेत प्राणवायू विरळ असतो, म्हणून शरीर हिमोग्लोबिन वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २,००० ते २,४९९ मीटरवर १.४ ग्रॅमची भर धरतात. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ची सीमा तिथे १३.४ होते, म्हणजे तुम्हाला रक्तक्षय आहे. तपासणीच्या कागदावर गावाची उंची लिहायला सांगा. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही तपासून घ्या. लोहाची गोळी सुरू झाली तर तिच्या आगेमागे तासभर चहा टाळा. छातीत दुखले किंवा बसल्या जागी धाप लागली तर मात्र गोळीवर थांबू नका, हृदय आणि फुप्फुसे तपासून घ्या.