शहराची लोकसंख्या घटली तर पालिका काय करते?

भुसावळची आपली गल्ली ओस पडतेय, आता पालिका काय करणार, असं तुम्ही विचारलंत. गल्ली ओस पडत असली, तरी शहर घटलं असं धरून पालिका काही करणार नाही. कारण कागदोपत्री ते वाढलेलंच आहे. जनगणनेत लोकसंख्या 2001 ला पावणेदोन लाखांच्या आत, 2011 ला 1 लाख 87 हजार. पोरं पुण्याला, दाराला कुलूप, पण घरपट्टीच्या रजिस्टरात घर चालूच! आमच्या पालिकेच्या वसुलीवाल्यांना माणूस दिसत नाही, मालमत्ता क्रमांक दिसतो.

खरोखर घटलेल्या शहरांत आधी नवे उद्योग, नव्या वसाहती असे उपाय होतात, ते बहुधा फसतात. मग पाडापाडी. पूर्व जर्मनीत 2002 पासून सरकारी पैशातून लाखो रिकामे फ्लॅट पाडले. लोक कमी झाले की गटारीत पाणीही कमी, मग मैला तुंबतो आणि वरून पाणी सोडून लाईन धुवावी लागते. म्हणजे माणसं निम्मी, खर्च तेवढाच. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने रिकामे प्लॉट शेजाऱ्यांनाच 100 डॉलरला दिले, निदान गवत तरी कोणी कापेल म्हणून.

मात्र घट कायमची समजू नका: पूर्व जर्मनीतल्याच लाइपझिग शहराने घरं पाडली आणि पुढे तिथंच गर्दी परतली.