लगाम बघितला की मान वर का जाते?

घोडा लगाम घालू देत नाही म्हणून त्याला हट्टी ठरवू नकोस. आधी त्याचं तोंड बघ. वय अडीच ते पाच वर्षं असेल तर दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या ठणकतात. मोठ्या घोड्याच्या वरच्या दाढांना बाहेरून धारदार कड येते आणि लगामाचा पट्टा गालावर आवळला की गाल आतून सोलवटतो. वर्षातून एकदा पशुवैद्यांकडून दाढा तपासून घे, लागल्यास घासून घे.

मग कान. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले. पट्टा कानांवरून ओढून चढवला की ते दुमडतात. कानात गोचीड नाही ना, तेही बघ.

माझी घोडी लगाम काढताना डोकं झटकायची. चूक माझी होती. मी घाईने ओढायचो आणि लगामाचं तोंडातलं लोखंड तिच्या पुढच्या दातांवर आपटायचं. आता कानांवरचा पट्टा उतरवून मी थांबतो, ती आपणहून लोखंड सोडते. थंडीत ते आधी तळहातात धरून कोमट कर. तोंड उघडायला जबरदस्ती नको. ओठांच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात, तिथे अंगठा हळूच सरकव.