गर्दीत लेकरू हातचं सुटू नये म्हणून

गणपती, जत्रा आणि सुट्टीतल्या सहली यांबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी बरेच प्रश्न सहा वर्षांखालच्या मुलांना गर्दीत नेण्याबद्दलचे होते. त्यांतल्या काहींची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : पुण्यात रात्रीचे देखावे पाहायला चार वर्षांच्या मुलाला न्यायचं आहे. तो हात सोडून पळतो. आधी काय तयारी करावी, आणि तरीही चुकला तर काय करावं? (एक आई, चिंचवड)

‘हात सोडू नकोस’ एवढं सांगून भागत नाही. फुगेवाला दिसला की चार वर्षांचं मूल ते विसरणारच. त्याला एकच गोष्ट पक्की शिकवा: आई-बाबा दिसेनासे झाले की जागचं हलायचं नाही. तोही चालत राहिला आणि तुम्हीही शोधत फिरलात, तर दोघं एकमेकांना चुकवत राहता. तो थांबला, तर तुम्ही आल्या वाटेनं मागे गेलात की तो सापडतो. हे आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात, मग भाजी बाजारात खेळासारखं तीन-चार वेळा करून घ्या. ‘आई दिसत नाही, आता काय?’ ‘थांबायचं आणि आईच्या नावानं ओरडायचं.’ नावानं हाक मारायला मुद्दाम शिकवा, कारण ‘आई’ ही हाक गर्दीत शंभर जणींना लागू पडते आणि म्हणून कुणीच वळून पाहत नाही. नाव-आडनावाची हाक मात्र तुम्हाला ऐकू येते, आणि मूल चुकलं आहे हे आजूबाजूच्यांनाही कळतं. मदत कुणाकडे मागायची तेही ठरवून द्या: खाकी वर्दीतले पोलीस, दुकानात गल्ल्यावर बसलेली व्यक्ती किंवा जिच्यासोबत लहान मुलं आहेत अशी बाई. ‘चल, तुझी आई तिकडे आहे’ म्हणणाऱ्या कुणाहीबरोबर जायचं नाही, हेही याच खेळात येऊ द्या.

फोन नंबर हातावर लिहायचा तर कोपराच्या आतल्या बाजूला, बॉलपेननं, आणि वर पारदर्शक चिकटपट्टी. शाईपेन घामानं पुसतं. सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टीवर नंबर शिवून टाकलात तर त्याहून चांगलं. नंबर दोन हवेत, आणि त्यातला एक घरी थांबलेल्या माणसाचा, कारण मंडई आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत फोन लागतच नाही असं नेहमी होतं. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं कुठेही लिहू नका. नावानं हाक मारणारा माणूस लहान मुलाला ओळखीचाच वाटतो.

निघताना दारातच त्याचा डोक्यापासून पायापर्यंतचा एक फोटो काढा. ऐन वेळी ‘शर्ट निळा होता की हिरवा’ यावर आई-बाबांचंच एकमत होत नाही. पायात सुटणारी चप्पल नको, पट्ट्याची सँडल किंवा बूट हवेत. चप्पल निसटली की मूल उचलायला वाकतं, आणि गर्दीत वाकलेलं मूल मागच्याला दिसत नाही. मोठ्यांसाठी भेटीची एक जागा गर्दीबाहेर ठरवा. मंडईच्या बाजूला असाल तर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा सोयीचा आहे. दिवस निवडणं हातात असेल तर गौरी विसर्जनाच्या आधीचे दिवस घ्या, त्यानंतर देखाव्यांची गर्दी वाढत जाते.

आता चुकलाच तर. पहिलं मिनिट शांतपणे इकडेतिकडे पाहण्यात घालवू नका. जिथे आहात तिथेच मोठ्यानं ओरडा, आणि फक्त नाव नाही तर वर्णनही सांगा: ‘चार वर्षांचा मुलगा, पिवळा टी-शर्ट, लाल बूट!’ नाव ऐकून लोक तुमच्याकडे बघतात, वर्णन ऐकून खाली बघतात. दोघं असाल तर एकानं शेवटचं दिसलं त्याच जागी उभं राहायचं, काही झालं तरी हलायचं नाही. दुसऱ्यानं आधी धोक्याची जागा बघायची: वाहता रस्ता, पाणी, जनरेटर, मांडवामागच्या वायरी. मग मंडळाच्या माइकवर पुकारा आणि जवळचं पोलीस मदत केंद्र. पाच मिनिटांत सापडला नाही तर ११२ लावा आणि फोटो पोलिसांकडे द्या. ‘चोवीस तास थांबा’ असा कुठलाही नियम नाही. अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं आहे. ‘ही आमची हद्द नाही’ हेही कारण चालत नाही. हद्दीबाहेरचा गुन्हाही शून्य क्रमांकानं, म्हणजे ‘झीरो एफआयआर’ म्हणून, नोंदवून घ्यावा लागतो.

सापडल्यावर लगेच रागावू नका. ‘हरवलो तर मार बसतो’ हे मनात बसलं की पुढच्या वेळी मूल हाक न मारता लपून बसतं.

प्रश्न : मुलाच्या मनगटाला बांधायचा पट्टा वापरावा का? नातेवाईक म्हणतात, जनावरासारखं बांधता कशाला. आणि बॅगेत ठेवायचे ट्रॅकर कितपत उपयोगी? (एक बाबा, डोंबिवली)

दोन ते चार वर्षांच्या पळत्या मुलाला पट्टा बांधण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त तो मोकळ्या गर्दीसाठी आहे: बाग, प्रदर्शन, रेल्वे फलाट. खांद्याला खांदा लागायला लागला की पट्टा सोडून मुलाला उचलून घ्या, नाहीतर त्यातच कुणीतरी अडखळतं. मनगटापेक्षा छातीवरून येणारा पट्टा बरा. एक ते चार वर्षांच्या मुलाचा हात धरून झटक्यानं वर ओढला तर कोपरातलं हाड बंधनातून निसटतं. मूल रडतं आणि हात किंचित वाकवून लटकता ठेवतं, वापरतच नाही. स्वतः ओढूनताणून बसवू नका. डॉक्टर सहसा काही मिनिटांत बसवून देतात. रांगेत फरफटत नेतानाही हेच होतं, म्हणून पट्टा असो वा हात, झटका द्यायचा नाही.

छोटे ब्लूटूथ ट्रॅकर जवळपासच्या इतर फोनच्या आधारानं जागा दाखवतात. ती काही मिनिटांपूर्वीची असू शकते आणि शंभर माणसांच्या घोळक्यात नेमकं मूल दाखवत नाही. भर म्हणून ठेवा, भिस्त ठेवू नका. आणि त्यातला नाण्याएवढा सेल मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : कल्याणहून लोकलनं राणीच्या बागेत जायचं आहे, सोबत दोन मुलं, वय तीन आणि सहा. चढता-उतरताना भीती वाटते. (कल्याण)

बाग बुधवारी बंद असते, आणि शनिवार-रविवारी पेंग्विन पाहायला रांग लागते. म्हणून मंगळवार किंवा गुरुवार सकाळ बघा, पण कल्याणहून ऐन कार्यालयीन वेळेच्या गाड्या टाळून. गाडीत आधी एक मोठं माणूस, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. उतरतानाही हाच क्रम. मुलांना आधी चढवून आपण मागे राहिलो आणि गाडी सुटली, हा प्रकार असाच घडतो. एकट्याच असाल तर तीन वर्षांच्याला कडेवर घ्या आणि मोठ्याला पुढे, तुमच्या अंगाला चिकटून ठेवा. फलाट आणि पायरी यांच्या फटीत लहान पाय सहज जातो, तिथे त्याचा दंड धरा.

सहा वर्षांच्याला एक नियम पाठ करून द्या. ताटातूट झाली आणि तो फलाटावर राहिला, तर तिथेच बाकापाशी थांबायचं, आई पुढच्या स्टेशनवरून परत येते. तो गाडीत राहिला, तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. तुम्ही लगेच रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करा किंवा रेल्वे पोलिसांना सांगा, म्हणजे तुम्ही पोचायच्या आत कुणीतरी त्याच्याजवळ असेल.

प्रश्न : यात्रेत चेंगराचेंगरीची बातमी आली की मुलांना न्यावं की नाही हा प्रश्न पडतो. गर्दी धोक्याची होते आहे हे कसं ओळखायचं? (एक आजोबा, सातारा जिल्हा)

तुमच्याच जिल्ह्यात, वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत २५० हून अधिक भाविकांचा जीव गेला. चढाच्या अरुंद पायऱ्या आणि नारळाच्या पाण्यानं झालेली निसरड, यांत एकदा माणसं पडायला लागली की मागचा लोंढा थांबवता आला नाही. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला. तिथे पावसामुळे लोक पुलावर थांबले होते आणि गाड्यांतून उतरलेले मागून येतच होते. दोन्हीकडे अरुंद जागा, उतार किंवा जिना, आणि पुढे अडलेलं आहे हे मागच्याला न दिसणं. अशा गर्दीत जास्त माणसं दगावतात ती छाती दाबली जाऊन श्वास बंद झाल्यानं. पायदळी तुडवलं जाण्याचा वाटा त्यामानानं कमी. लहान मुलाचं नाक तर मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असतं, म्हणजे आपल्याला नुसती दाटी वाटते तेव्हा त्याला हवा कमी पडू लागलेली असते.

म्हणून खूण आपल्यावरून घ्या. पुढच्याचा आणि दोन्ही बाजूंच्यांचा स्पर्श टळत नाही, खाली सुटलेला हात तोंडापर्यंत आणणं जड जातं, तेव्हा मूल घेऊन बाहेर पडायची वेळ होऊन गेलेली असते. पाऊल आपल्या मर्जीनं पडत नाही, गर्दी आपल्याला डोलवते आहे, अशी अवस्था येईपर्यंत तर थांबायचंच नाही. दर्शन राहिलं तर राहू द्या. गर्दीच्या उलट ढकलत जाऊ नका. लोंढा जरा सैल पडला की तिरकं, एकेक पाऊल कडेकडे सरका. भिंत किंवा बंद कठडा असलेली कड मात्र नको, तिथे दाब साचतो. मूल छातीशी घ्या, तोंड बाजूला मोकळं, आणि तुमचा एक हात कोपरात वाकवून तुमच्या-त्याच्यापुढे आडवा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. खांद्यावर बसवलेलं मूल मोकळ्या मिरवणुकीत ठीक, दाटीत नाही. ते पाठीमागे कलंडतं, आणि वर वायरी-तोरणं असतात. पिशवी, चप्पल, मोबाइल पडला तर वाकायचं नाही. बाबागाडी अशा ठिकाणी न्यायचीच नाही.

आत शिरतानाच बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवा. चढ किंवा जिना असेल तर रांग पूर्ण थांबलेली असताना पायरीवर पाऊल ठेवू नका, खाली सपाटीवर थांबा. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला यात्रेच्या मुख्य दिवशी नेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. आदल्या किंवा नंतरच्या दिवशी देव तोच असतो.

प्रश्न : चौपाटी आणि वॉटर पार्कमध्ये काय जपावं? मुलीला दंडात घालायचे फुगे घेतले आहेत. (ठाणे)

ते फुगे खेळणं आहे, जीवरक्षक साधन नाही. हवा जाते, ओल्या हातावरून निसटतात, आणि मुख्य म्हणजे आपण निर्धास्त होतो. बुडणारं मूल हात हलवत नाही, ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होतं आणि ते आवाज न करता खाली जातं. पाच मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून एकाला नेमा, मोबाइल दुसऱ्याकडे द्यायला लावा, आणि दर पंधरा मिनिटांनी माणूस बदला. पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर तुम्ही पाण्यात, हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर हवं. पोहण्याचे कपडे भडक केशरी किंवा पोपटी घ्या, निळा-पांढरा पाण्यात दिसत नाही. कृत्रिम लाटांच्या तलावात लाटा सुरू व्हायच्या आत लहानग्यांना बाहेर काढा. गणेश विसर्जनाच्या सुमारास मुंबईच्या चौपाट्यांवर जेलीफिश आणि स्टिंग रे येतात, तेव्हा मुलांना अनवाणी पाण्यात सोडू नका.

प्रश्न : जत्रेत फुगे, पाळणे, खाऊ यांत कशाकडे लक्ष द्यावं? (सांगली)

तरंगणाऱ्या फुग्यांत बहुधा हायड्रोजन असतो, आणि तो जागेवर तयार करणाऱ्या सिलिंडरचे स्फोट झालेले आहेत. फुगा घ्या, पण फुगे भरत असताना जवळ उभे राहू नका, आणि घरी आणून पणती किंवा केकच्या मेणबत्तीजवळ नेऊ नका. पाळण्यात बसण्याआधी आडवी दांडी खरोखर अडकते का ते स्वतः ओढून बघा. ओढणी, मोकळे केस बांधून घ्या. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न चार वर्षांखाली नकोतच. त्यातून पाळण्यात, खांद्यावर किंवा पळताना तर मुळीच नाही, घशात अडकायला तेवढंच पुरतं. अडकलं आणि आवाजच फुटेना, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं जोरात पाच थापा. निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबा, आणि आलटून पालटून करत राहा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, थापांनंतर छातीच्या मध्यावर दाबायचं.

प्रश्न : हरवलेलं मूल आपल्यालाच सापडलं तर? नाशिकला सिंहस्थ येतो आहे, म्हणून विचारते. (एक आजी, पंचवटी)

आजी, मूल उचलून ‘चल आपण शोधू’ म्हणत निघू नका. त्याची आई बहुधा वीस-तीस पावलांवरच असते आणि तिथेच परत येते. गुडघ्यावर बसून बोला, अजून एखाद्या बाईला सोबत थांबवा, आणि दहा मिनिटं त्याच जागी राहा. मग पोलिसांकडे किंवा हरवले-सापडले केंद्रात. तिथे पोचवल्यावर नोंद करून घ्या आणि जिथे सापडलं ती जागा नेमकी सांगा. पुकारा करताना सगळं वर्णन देऊ नका. एखादी खूण, जसं पैंजण किंवा पाठीवरचा तीळ, राखून ठेवा, म्हणजे न्यायला आलेल्याला ती विचारता येते. त्या माणसाला बघून मूल कसं वागतं तेही पाहा. पोलीस जवळ नसतील तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. बाल न्याय कायद्यानुसार सापडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांच्या आत देणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, दयेपोटीसुद्धा त्याला घरी ठेवून घेता येत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. मूल तासाभरात घरी जातं, फोटो मात्र वर्षानुवर्षं ‘हरवले आहे’ म्हणून फिरत राहतो.