लूपमध्ये गुडगुड ऐकू आली तर

प्रश्न : माझी मुलगी २९ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. मालवणला आणि अंदमानात तिने बरंच स्कूबा डायव्हिंग केलंय. आता परदेशात जाऊन ‘रिब्रीदर’ नावाच्या यंत्राचा कोर्स करायचं म्हणते. यंत्रात पाणी शिरलं तर आतल्या रसायनाचा कॉस्टिक द्राव तोंडात येतो, घसा आणि छाती जळते, असं तिच्याच कोर्सच्या पुस्तकात वाचलं आणि माझी झोप उडाली. तिला अडवू का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, ज्या रसायनाने तुमची झोप उडवली, ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, आणि आमच्या भूल देण्याच्या यंत्रालाही तोच सोडा लाइम लागतो. रुग्णाने सोडलेला श्वास आम्ही एका डब्यातून फिरवतो, डब्यातले दाणे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि उरलेला वायू ऑक्सिजनची भर घालून पुन्हा रुग्णाकडे जातो. रिब्रीदर पाण्याखाली हेच करतो. मालवणला तुमच्या मुलीने वापरला तो संच वेगळा. त्यात प्रत्येक उच्छ्वास बुडबुडे होऊन निघून जातो, आणि ३० मीटर खोलीवर दाब चौपट असल्यामुळे सिलिंडरही चौपट वेगाने रिकामा होतो. रिब्रीदरमध्ये श्वास एका बंद वळशात फिरत राहतो. त्याला डायव्हर ‘लूप’ म्हणतात. तोंडातला माउथपीस, दोन जाड नळ्या, श्वासाबरोबर फुगणाऱ्या-बसणाऱ्या पिशव्या आणि मधोमध दाण्यांचा डबा, म्हणजे स्क्रबर. बुडबुडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे मासे दचकत नाहीत आणि थोड्या वायूत खूप वेळ राहता येतं. कल्पनाही नवी नाही. इंग्लंडच्या हेन्री फ्लूस यांनी १८७८ मध्ये असा संच केला होता, त्यात कार्बन डायऑक्साइड शोषायला कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोर होते.

आता ते दाणे. पांढरे, साबुदाण्याएवढे. डबा भरताना ओतले की बारीक धूळ उडते. ती नाकात गेली तर लगेच खवखवतं, म्हणून मी मास्क लावते आणि ऑपरेशन थिएटरमधल्या नव्या मुलांनाही लावायला सांगते. भरताना डबा चारी बाजूंनी हलके ठोकत राहायचा, म्हणजे दाणे बसतात. मध्ये पोकळी राहिली तर श्वास त्या वाटेने निसटतो आणि कार्बन डायऑक्साइड तसाच परत येतो. दाण्यांत बहुतांश आपला चुनाच असतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यात साधारण ३ टक्के कॉस्टिक सोडा आणि १५ ते २० टक्के ओलावा. हा ओलावा हवाच, त्याच्याशिवाय शोषण नीट होत नाही. पण ओलावा वेगळा आणि पाणी शिरणं वेगळं. डब्यात पाणी साचलं की दाण्यांतला कॉस्टिक सोडा आणि चुना त्यात उतरतो, आणि तो कडक अल्कधर्मी द्राव नळीतून थेट तोंडाकडे येऊ शकतो. तुम्ही वाचलं ते खोटं नाही.

पाणी बहुतेक वेळा मोठ्या बिघाडाने शिरत नाही. पाण्यात असताना माउथपीसची झडप बंद न करताच तो तोंडातून काढला, डब्याच्या झाकणाच्या रबरी रिंगवर वाळूचा कण किंवा केस राहिला, नळीला बारीक चीर होती, अशीच कारणं असतात. म्हणूनच पाण्यात उतरण्याआधी दोन चाचण्या असतात. निगेटिव्ह टेस्टमध्ये लूपमधली हवा तोंडाने ओढून घ्यायची, झडप बंद करायची आणि नळ्या चपट्या राहतात का ते काही मिनिटं बघायचं. पॉझिटिव्ह टेस्टमध्ये लूप फुगवून ठेवायचा आणि तो सैल पडतो का ते बघायचं. मग पाण्यात उतरल्यावर काही मीटरवर थांबून जोडीदाराने पाठीमागून बुडबुडे सुटतात का ते तपासायचं.

अडवू नका. पण तिला एक गोष्ट जरूर विचारा. बोट सुटायला आली आहे, पैसे भरलेत, सगळे तयार होऊन बसलेत, आणि निगेटिव्ह टेस्टमध्ये नळी हळूहळू फुगायला लागली, तर त्या दिवशी ती बोटीवरच थांबेल का? उत्तर द्यायला ती अडखळली तर तिला सांगा, की तुमची काळजी एवढ्याचसाठी आहे. माझंही तेच म्हणणं आहे. थिएटरमध्ये यंत्राची गळती-चाचणी झाल्याशिवाय मी पहिला रुग्ण टेबलावर घेत नाही, सर्जन दारात उभे असले तरी नाही.


प्रश्न : पुढच्या महिन्यात मी रिब्रीदरचा कोर्स करतोय. पाण्याखाली असताना कॉस्टिक तोंडात आलंच तर नेमकं काय करायचं? अल्कलीवर आम्ल म्हणून बोटीवर लिंबूपाणी किंवा व्हिनेगर ठेवावं का? बोटीवर बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे जायला हवं का?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : आधी लिंबू आणि व्हिनेगर डोक्यातून काढून टाका. चुन्यावर आंबट हा आपल्याकडे घरोघरी चालणारा विचार आहे, आणि शाळेतल्या रसायनशास्त्रानेही तो पक्का केलेला असतो. पण आधीच भाजलेल्या घशात आम्ल ओतलं तर दोन्हींच्या अभिक्रियेची उष्णता त्याच जखमेवर निघते, आणि आम्लाची इजा वर वेगळी. अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्येही लिंबाचा रस किंवा व्हिनेगर देऊ नका, उलटी करवू नका, असंच सांगितलेलं आहे. उलटी झाली तर तोच द्राव अन्ननलिकेला दुसऱ्यांदा पोळतो. साधं पाणी, भरपूर आणि ताबडतोब, हाच उपाय.

अल्कलीला मी आम्लापेक्षा जास्त का घाबरते तेही सांगते. आम्लाने वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थरच पुढची वाट काही प्रमाणात अडवतो. अल्कली प्रथिनं विरघळवते, पेशींतल्या चरबीचा साबण करते आणि आत आत उतरत जाते. बोटाला कॉस्टिक लागल्यावर बुळबुळीत लागतं ना, तो आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण असतो. म्हणून इथे वेळ सेकंदांत मोजायचा.

पाण्याखाली बहुतेक वेळा आधी सूचना मिळते. नळीत गुडगुड ऐकू येते, श्वास ओढायला जड जातो, तोंडाला साबणासारखी किंवा खडूसारखी चव येते. यातलं एक जरी जाणवलं तरी लूपमधून पुढचा श्वास घ्यायचा नाही. ‘जरा बघू, काय होतंय’ असं म्हणत घेतलेला तोच श्वास द्राव घशात घेऊन येतो. लूप सोडून सोबतच्या वेगळ्या, खुल्या सिलिंडरवर जाणं म्हणजे ‘बेलआउट’. बेलआउट व्हॉल्व्ह असेल तर तो फिरवा, माउथपीस तोंडातच राहतो आणि खुल्या सिलिंडरची हवा सुरू होते. व्हॉल्व्ह नसेल तर माउथपीसची झडप बंद करा, मगच तो काढा आणि बेलआउट रेग्युलेटर, म्हणजे त्या सिलिंडरच्या नळीचं तोंडात धरायचं टोक, तोंडात घ्या. झडप उघडी राहिली तर थोडं पाणी शिरलेला लूप पूर्ण भरतो.

द्राव तोंडात आलाच, तर बेलआउटवर गेल्यावर ओठाचा कोपरा जरासा सैल करून बाहेरचं पाणी तोंडात घ्या, खळबळून चूळ रेग्युलेटरमधूनच बाहेर सोडा. पुन्हा घ्या, पुन्हा सोडा. समुद्राचं पाणी असेल तर गिळू नका. ते खारट असलं तरी या घडीला तुमच्या हाताशी तेच पाणी आहे, वर जाईपर्यंत थांबू नका. खोकला येईल, जोराचा येईल. रेग्युलेटरमध्ये खोकता येतं, त्यासाठी तो काढायचा नाही. घसा आवळल्यासारखा झाला की माणूस श्वास कोंडून वर पळतो, आणि तिथेच दुसरं, कॉस्टिकपेक्षाही मोठं संकट ओढवतं. वर येताना दाब कमी होतो, कोंडलेली हवा फुगते, फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात जाऊ शकतात. जोडीदाराला खूण करा, श्वास चालू ठेवत वर या आणि दाब हळूहळू कमी व्हावा म्हणून वाटेत ठरलेले थांबे असतील ते जमेल तसे घ्या.

वजनाकडेही लक्ष द्या. लूपमध्ये चार लिटर पाणी शिरलं की जवळपास चार किलोची तरंगण्याची ताकद गेली. तुम्ही खाली ओढले जाता, त्याच वेळी खोकताय, आणि विंगमध्ये, म्हणजे तरंगण्यासाठी पाठीवर असलेल्या पिशवीत, हवा भरायचं भान राहत नाही. कोर्समध्ये ही सवय मुद्दाम करून घ्या, बेलआउट घेतलं की दुसरा हात विंगच्या बटणाकडे गेलाच पाहिजे. दाणे भिजल्यावर ते कार्बन डायऑक्साइडही नीट शोषत नाहीत, त्यामुळे डोकं दुखणं, धाप आणि घबराट हे तिन्ही एकदम येतात. बेलआउट घेतल्यावर धाप लगेच थांबत नाही. तिला थोडा वेळ लागतो, हे आधीच ठाऊक असलं म्हणजे माणूस खुल्या सिलिंडरवरही घाबरून चुका करत नाही.

बोटीवर आल्यावर गोडं पाणी. बोटीवर दोन लिटरची बाटली केवळ यासाठी वेगळी ठेवा, कुणी पिऊन टाकणार नाही अशा जागी. चूळ भरून थुंकत राहा, पुष्कळ वेळा. मग गिळता येत असेल तर काही घोट प्या. गिळताना दुखत असेल, लाळ गळत असेल किंवा श्वासाला घरघर असेल तर तोंडाने काहीही घेऊ नका, ऑक्सिजन लावा आणि किनारा गाठा. तुमचा डबा बोटीवर कुणी उघड्या हाताने उघडणार नाही हेही बघा, त्यात अजून तेच पाणी आहे.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हो, बरं वाटलं तरी जायचंच. मला धास्ती वाटते ती आवाज घोगरा होण्याची. स्वरयंत्राला सूज येत असल्याची ती खूण असते. ती सूज वाढून श्वासाची वाट बंद होऊ लागली की नळी घालण्यासाठी आम्हाला बोलावतात, आणि सुजलेल्या घशात नळी घालणं हे आमच्या कामातल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे. तासभर आधी आलात, तर तेच काम सोपं असतं. द्राव श्वासावाटे फुप्फुसात गेला असेल तर दम लागणं, छातीत दुखणं हे काही तासांनीही सुरू होऊ शकतं. म्हणून बोटीवरून उतरून हॉटेलवर झोपायला जाऊ नका.

रुग्णालयात गेल्यावर ‘रिब्रीदर’ म्हणून सांगितलंत तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना कदाचित उमगणार नाही. असं सांगा : ‘सोडा लाइमचं पाणी तोंडात आणि श्वासात गेलंय, त्यात कॉस्टिक सोडा आहे, आणि मी इतक्या मीटरवरून इतक्या मिनिटांत वर आलोय.’ वाक्याचा शेवटचा भाग विसरू नका, कारण छातीतली कळ कॉस्टिकची की दाबाच्या इजेची हे त्यावरून ठरतं. डायव्हरांना वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेची आपत्कालीन हेल्पलाइन चोवीस तास असते. कोर्सला निघण्याआधी तिचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा, आणि डॉक्टरांना त्यांच्याशी थेट बोलायला द्या.


प्रश्न : मी निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. बोर्डो मिश्रणासाठी चुना भिजवताना शिंतोडा डोळ्यात गेला तर काय करावं? आमच्याकडे कुणी दूध घालतं, कुणी तूप.
– एक बागायतदार

उत्तर : दादा, वरची दोन्ही उत्तरं तुम्हालाही लागू आहेत, रसायन तेच आहे. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो आणि शिंतोडे उडतात, म्हणजे तुमच्या डोळ्याला उष्णता आणि अल्कली दोन्ही एकदम लागतात. दूध नको, तूप तर मुळीच नको. तुपाखाली चुन्याचे कण अडकून बसतात आणि बुबुळ जाळत राहतात.

पंपाजवळ, ड्रमाजवळ जिथे असाल तिथेच डोकं एका बाजूला कलतं करा, दुखरा डोळा खालच्या बाजूला ठेवा म्हणजे चुना चांगल्या डोळ्यात वाहत जाणार नाही. बोटांनी पापण्या उघड्या धरा आणि स्वच्छ पाण्याची संथ धार सोडा, किमान २० ते ३० मिनिटं. डोळा आपोआप मिटतो, म्हणून दुसऱ्या माणसाने पापण्या धरलेल्या बऱ्या. चुन्याचे खडे वरच्या पापणीच्या आत लपतात. कॅज्युअल्टीत आम्ही पापणी उलटी करून ओल्या कापसाच्या काडीने ते काढतो, सलाईनची बाटली टांगून तिच्या नळीने डोळा धूत राहतो आणि डोळ्यातल्या ओलाव्याला लिटमस कागद लावून बघतो. कागद निळा होत असेल तर धुणं चालूच राहतं.

धुऊन झालं की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुखणं कमी झालं म्हणून टाळू नका, खोल भाजलेल्या डोळ्याच्या संवेदनाही कमी होतात. येताना डोळ्याला पट्टी बांधू नका, गाडीत बाटलीने धार चालू ठेवा. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीला लागाल तेव्हा बाजूंनीही बंद असलेला चष्मा आधी घाला, मग चुन्याची गोणी उघडा. चुना पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका.