आधी पझेशन्स मोज

प्रिय मित्रा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये हातातून गेलेला बास्केटबॉलचा सामना चौथ्यात ओढून आणला, तीन गुणांनी जिंकला, शेवटचा शॉट तुझ्या लाडक्या गार्डने मारला, आणि तरीही तू गोंधळलेला आहेस. संघाच्या चाहत्यांचा एक गट म्हणतो, यंदा विजेतेपद आपलंच. दुसरा म्हणतो, नशिबाने वाचलो. सकाळी पहिल्यांचं ऐकून तू हरखतोस आणि संध्याकाळी दुसऱ्यांचं ऐकून खचतोस. या दोघांपैकी कुणीही सामना मोजलेला नाही. तूही नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच परत परत सांगणार आहे: पझेशन्स मोज. चेंडू तुमच्या हातात आल्यापासून तो समोरच्या संघाकडे जाईपर्यंत एक पझेशन. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, हल्ली प्रत्येक संघाला सामन्यात साधारण १०० पझेशन्स मिळतात, आणि दोन्ही संघांना जवळजवळ सारखीच, कारण एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरूच होत नाही. म्हणजे तीन गुणांचा विजय हा शंभरातल्या एका तीन गुणांच्या बास्केटचा फरक झाला. ते बास्केट शेवटच्या सेकंदाला पडलं म्हणून तुझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये कुणीतरी सरळ साइडलाइनबाहेर पास फेकला असेल, त्यातही असंच एक पझेशन गेलं. पण त्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही.

हे कोरडं वाटतं, मला माहीत आहे. जिंकल्यावर हिशेब काय मांडायचा, असं मला अनेकांनी ऐकवलंय. पण हा खेळ वाचला तोच मुळी हिशेबामुळे. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. पूर्ण सामन्याचा स्कोअर आहे हा, क्वार्टरचा नव्हे. चेंडू दाबून ठेवायचा आणि शॉटच घ्यायचा नाही, याला नियमांत आडकाठी नव्हती, आणि प्रेक्षक कंटाळून जात. १९५४ मध्ये सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० शॉट्स घेतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागिले १२०, उत्तर २४. चेंडू हातात आल्यावर तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा, असा नियम झाला. आज ज्या घड्याळाकडे बघून तुझा श्वास अडकतो ते २४ सेकंद इथून आले. तेव्हा मोजणारा माणूस खेळाचा शत्रू असतो, हे मला कुणी सांगू नये.

आता काम. तुझ्या सामन्याचा बॉक्स स्कोअर (आकड्यांचा तक्ता) उघड आणि दोन्ही संघांसाठी हे कर: शॉट्सचे एकूण प्रयत्न घे, त्यात फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या एका गुणाच्या शॉटच्या) प्रयत्नांना ०.४४ ने गुणून मिळव, ऑफेन्सिव्ह रिबाउंड (स्वतःचाच शॉट चुकल्यावर परत मिळवलेला चेंडू) वजा कर, टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू) मिळव. झाली पझेशन्स. ०.४४ का, ०.५ का नाही? कारण दोन फ्री थ्रो म्हणजे दर वेळी एक पझेशन नसतं. बास्केट पडून वर एक मिळतो तो अँड-वन, टेक्निकल फाउलचा (वागणुकीबद्दलच्या दंडाचा) एक, थ्रीवर, म्हणजे दुरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटवर, फाउल झाला तर तीन. हे सगळं मिळून सरासरी तिथे येते. दोन्ही संघांच्या उत्तरात दोन-चारपेक्षा जास्त फरक आला तर बेरीज तपास, बहुधा तूच चुकला असशील. मग गुणांना पझेशन्सनी भाग आणि शंभराने गुण. त्या रात्री संघ आक्रमणात कसा होता हे त्या आकड्याला विचार, एकूण गुणांना नको. संथ खेळणारा संघ ९८ गुणांत उत्तम खेळलेला असू शकतो आणि धावणारा संघ ११८ करूनही ढिसाळ.

त्यानंतर बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांचे चार घटक बघ: शूटिंग, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, फ्री थ्रो. त्यांनी दिलेलं वजन साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के. शूटिंगसाठी नुसती टक्केवारी घेऊ नकोस, थ्रीला जास्तीचं मोल दे: पडलेली बास्केट्स अधिक पडलेल्या थ्रींच्या निम्मे, भागिले एकूण प्रयत्न.

हे कशासाठी करायचं ते २०१० च्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात बघ. लेकर्स ८३, सेल्टिक्स ७९. लेकर्सचे ८३ पैकी २७ शॉट्स पडले, त्यात थ्री फक्त ४. वरच्या हिशेबाने ३५ टक्के, म्हणजे भयंकर. सेल्टिक्सचे ७१ पैकी २९, त्यात ६ थ्री, म्हणजे ४५ टक्के. कोबी ब्रायंटचे २४ पैकी ६. शूटिंगवर निकाल लावायचा तर सेल्टिक्स आरामात जिंकायला हवेत. पण लेकर्सनी २३ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, सेल्टिक्सनी ८. लेकर्सना ३७ फ्री थ्रो मिळाले, सेल्टिक्सना १७. शॉट चुकला तरी पझेशन संपलं नाही, चेंडू परत हातात आला, पुन्हा शॉट किंवा फाउल. आणि हे आपोआप झालं नाही. सेल्टिक्सचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) केंड्रिक पर्किन्स सहाव्या सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला होता, आणि रिंगखाली पाऊ गसोलने १८ रिबाउंड ओढले, त्यातले ९ ऑफेन्सिव्ह. त्या रात्रीनंतर कुणी “कोबीने जिद्दीने जिंकून दिलं” एवढंच म्हणून थांबला असेल, तर त्याने विजय बघितला, सामना बघितला नाही. कोबीची त्या रात्रीची खरी कमाई त्याचे १५ रिबाउंड होते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खुपलं: “आपला डिफेन्स जबरदस्त होता, त्यांचे थ्री पडूच दिले नाहीत.” पडू दिले नाहीत की पडले नाहीत? दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एनबीएत थ्रीची सरासरी सुमारे ३६ टक्के असते. ४० थ्री घेणाऱ्या संघाचे १४-१५ पडायला हवेत. पण कुणी काही वेगळं न करता एका रात्री ११ आणि दुसऱ्या रात्री १७ पडणं हे रोजचं आहे. तीन थ्री इकडे किंवा तीन तिकडे, म्हणजे नऊ गुण. तुम्ही जिंकलात तीन गुणांनी. २०१८ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग २७ थ्री चुकले, ४४ पैकी ७ पडले आणि ते ९२-१०१ असे हरले. त्यातले कितीतरी शॉट्स ते वर्षभर टाकत आले होते तसेच, मोकळे होते. गोल्डन स्टेटच्या डिफेन्सला त्या सगळ्या २७ चं श्रेय देणारा चाहता पुढच्या मोसमात तोंडघशी पडतो. डिफेन्स थ्री किती घेऊ देतो, कुठून आणि कुणाला घेऊ देतो, यावर त्याचा ताबा असतो. सुटलेला मोकळा चेंडू जाळीत जातो की नाही, यावर फारच थोडा. प्रतिस्पर्ध्याच्या फ्री थ्रोवर तर अजिबात नाही. म्हणून थ्री किती पडले यापेक्षा किती मोकळे सुटले ते मोज, आणि कॉर्नरमधले वेगळे मोज. तिथे थ्रीची रेषा रिंगपासून २२ फुटांवर आहे, वर, रिंगच्या समोर, २३ फूट ९ इंचांवर, म्हणजे कॉर्नरचा शॉट जवळचा. कॉर्नरचे मोकळे थ्री भरपूर सुटले असतील तर तुमचा बचाव गळत होता आणि त्या रात्री पाणी आलं नाही, इतकंच.

सामना पुन्हा बघताना चेंडूकडे बघू नकोस. चेंडू कुठे जाणार ते तुला आता माहीत आहे. वहीत दर पझेशनची एक ओळ कर: सुरुवात कशी झाली (रिबाउंड, टर्नओव्हर की बास्केटनंतर), शेवट कसा झाला (रिंगखालचा शॉट, मधल्या अंतराचा म्हणजे मिड-रेंज, कॉर्नर थ्री, वरचा थ्री, फ्री थ्रो, टर्नओव्हर), आणि शॉट मोकळा होता की अंगावर हात होता. ऑफेन्सिव्ह रिबाउंड आला की नवी ओळ सुरू करू नकोस, तेच पझेशन पुढे चालू आहे. घड्याळ मात्र २०१८-१९ पासून २४ वर न जाता १४ वर येतं, ते लक्षात ठेव. क्वार्टर संपताना अर्ध्या कोर्टवरून भिरकावलेला चेंडू वेगळा लिही, नाहीतर शूटिंगचा आकडा उगाच बिघडतो. समोरचा संघ पिक अँड रोल करतो (एक जण चेंडूवाल्या गार्डच्या बचावपटूची वाट अडवतो आणि मग रिंगकडे वळतो) तेव्हा तुमच्या सेंटरचे पाय बघ. तो मागे रिंगजवळ थांबतोय की पुढे येऊन गार्डवर जातोय? मागे थांबत असेल तर मिड-रेंजचे शॉट्स तुम्ही मुद्दाम देताय, त्यावर चिडण्याचं कारण नाही. पुढे येत असेल तर मागची जागा भरायला कोण सरकतो आणि तो सरकल्यावर कुठला कॉर्नर उघडा पडतो, तिकडे नजर ठेव. एका क्वार्टरला तासभर लागेल. लागू दे.

आणि क्वार्टरचे शेवट. घड्याळावर साधारण ३२ ते ३० सेकंद असताना शॉट घेतला, तर समोरच्या संघाने पूर्ण २४ वापरले तरी सहा-आठ सेकंद उरतात आणि चेंडू पुन्हा तुमचा. त्यांच्या एकाला तुमची दोन. पहिल्या तीन क्वार्टर्सना हे कुणी केलं, कुणी दवडलं? तुझ्या पत्रात याचा उल्लेखही नाही, आणि तीन गुणांच्या सामन्यात मी सगळ्यात आधी हेच बघतो.

शेवटच्या शॉटबद्दल तू दोन पानं लिहिलीस, म्हणून एक शॉट जवळून दाखवतो. १८ जून २०१३, अंतिम फेरीचा सहावा सामना. सान अँटोनियो स्पर्स आघाडीवर. २८ सेकंद उरलेले असताना मनू जिनोबिलीने दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला. मायामी हीटच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री पडला. १९ सेकंद उरलेले असताना कवाय लेनर्डनेही दोनपैकी एक चुकवला. ९५-९२. हीटचं पझेशन, आणि स्पर्सनी आपला उंच खेळाडू टिम डंकनला बेंचवर बसवलं होतं, प्रत्येक स्क्रीनवर (बचावपटूची वाट अडवली की) कुणी कुणाला अडवायचं याची अदलाबदल करून थ्री अडवता यावा म्हणून. लेब्रॉनचा थ्री चुकला. रिबाउंडला डंकन नव्हता, ख्रिस बॉशने उडी मारून चेंडू घेतला. तेवढ्यात रे ॲलन चेंडूकडे न धावता उलटा, पाठमोरा उजव्या कॉर्नरकडे सरकत गेला, पाय रेषेमागे टेकले, पास आला, शॉट. ५.२ सेकंद उरले होते. हीट ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने जिंकले आणि पुढे विजेतेपदही घेतलं. सगळ्यांना ॲलनचा हात आठवतो. मोजणाऱ्याला दिसतं की दोन फ्री थ्रो आणि एक रिबाउंड, यातली कुठलीही एक गोष्ट स्पर्सच्या बाजूने गेली असती तरी त्या शॉटने बरोबरी झाली नसती. म्हणून त्या शॉटची किंमत कमी होते का? माझ्या मते वाढते. ॲलनचे पाय चेंडू येण्याआधी जागेवर होते, हे तुला मोजायला बसल्यावरच दिसतं.

म्हणून मला आनंदाचा वैरी ठरवू नकोस. नाच, ओरड, रात्रभर जागा राहा. पण दुसऱ्या दिवशी “आपण विजेतेपद जिंकणार” असं म्हणायचं असेल तर आधी पझेशन्स मोज. अटीतटीच्या सामन्यांत संघ किती वेळा जिंकला यावरून पुढचं फारसं कळत नाही. संपूर्ण मोसमातला सरासरी गुणफरक कितीतरी भरवशाचा. ८२ सामन्यांच्या मोसमात तीन गुणांनी जिंकलेला एक सामना म्हणजे फक्त एक विजय आहे. तुमच्या गार्डचं त्या रात्रीचं प्लस-मायनस (तो कोर्टवर असतानाचा गुणफरक) उणे आलं म्हणून तू त्याच्यासाठी भांडत बसलायस, तेही सोड. एका सामन्याच्या प्लस-मायनसमध्ये त्याच्यासोबत कोण होतं आणि समोरच्यांचे थ्री पडले की नाही, हेच जास्त असतं. कोचला शिव्या घालण्याआधीही तेच: ज्या पाच जणांना त्याने चौथ्या क्वार्टरमध्ये ठेवलं, त्यांच्या पझेशन्सच्या ओळी वेगळ्या काढ आणि बघ शॉट्स कसे मिळत होते. शॉट्स चांगले असून चुकले असतील तर कोच बरोबर होता, आणि वाईट असून पडले असतील तर जिंकूनही तो चूक होता. हे दुसरं वाक्य चाहत्यांना अजिबात आवडत नाही. मी ते बदलणार नाही.

चौथ्या क्वार्टरपासून सुरुवात करू नकोस, तिथे तुझं मन शेवटच्या शॉटकडे धावेल. तिसरा घे, जिथे तुम्ही मागे पडलात. त्या बारा मिनिटांची सगळी पझेशन्स लिही, दोन्ही संघांची, आणि पानं मला पाठव. अँड-वन आणि टेक्निकलचे फ्री थ्रो वेगळ्या शाईने लिही. पहिल्या मोजणीत बेरीज बिघडते ती बहुतेक तिथेच.

तुझा,
हितचिंतक