पुरातत्त्वात यायचंय? आधी खापरं ओळखायला शीक

बारावीतच ठरवतोयस, उत्तम! विज्ञान शाखा आहे म्हणून बिचकू नकोस. उत्खननात सापडलेली प्राण्यांची हाडं, जळके धान्यकण यांच्या अभ्यासाला तुझ्यासारखी मुलं हवीच असतात. पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. करता येईल.

सध्या एवढंच कर:

- खापरं बघ. नाणी क्वचित मिळतात, खापरं ढिगानं. जोर्वे संस्कृतीचं (महाराष्ट्रातली ताम्रपाषाणयुगीन शेतकरी संस्कृती) खापर लाल, वर काळी नक्षी. इतकं पक्कं भाजलेलं की टिचकी मारली तर खणकन वाजतं.
- नोंदवही ठेव. जागा, तारीख, रेखाटन.
- गावच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) स्वतः उकरू नकोस, कधीच! परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि मातीच्या थरातून उपटलेली वस्तू बरीचशी मुकी होते, तिचा काळ-संदर्भ सांगता येत नाही.

नवीन मुलांची आणखी एक चूक म्हणजे 'मी फक्त सिंधू संस्कृतीच करणार' असं आधीच ठरवून टाकणं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, जोर्वे काळातल्या वस्तीवर, १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी काम केलं, तेव्हा घरं, धान्य, दफनं सगळंच अभ्यासलं गेलं. तुझा विषय यातलाच कुठलाही असू शकेल. कार्बन डेटिंग वगैरे नंतर बघू. येत्या सुट्टीत डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघून ये, मग बोलू.